नवी कोरी चावते, जुनी झाली की शोभते: मिलानला भुरळ घालणारी आपली पायताणं आणि झिजेची फॅशन

बेळगाव / निपाणी : जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेलांच्या पायात जे दिसलं, ते कोल्हापूरपासून अथणीपर्यंत सगळ्यांनी एका नजरेत ओळखलं. ही तर आपली पायताणं! कंपनीने मात्र त्यांना नुसतं 'चामड्याच्या सँडल' म्हटलं होतं. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिरांचा उल्लेख नाही. मग जे व्हायचं ते झालं. समाजमाध्यमांवर गदारोळ, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचं पत्र, कंपनीची कबुली की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेचीच आहे, जुलैमध्ये कंपनीच्या लोकांची कोल्हापूर भेट आणि मुंबई उच्च न्यायालयात दाखल होऊन फेटाळली गेलेली याचिका.

या सगळ्यात कर्नाटकातूनही एक आवाज उठला. मंत्री प्रियांक खर्गे यांनी लक्षात आणून दिलं, की 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांचे कितीतरी कारागीर अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग या आपल्या भागात राहतात. आपल्याकडच्या वाचकांना ही काही बातमी नव्हती. निपाणीपासून कापशी किती लांब आहे, आणि कापशीची चप्पल किती नावाजलेली आहे, हे इथे कुणाला सांगायला नको.

चोरी झाली की नाही, नाव कुणाचं, यावर भरपूर बोलून झालंय. एक प्रश्न मात्र तसा मागेच राहिला. जगातलं वाट्टेल ते चामडं आणि हवं ते यंत्र हाताशी असताना मिलानच्या डिझायनरला ही साधी, सपाट, ना टाच ना बक्कल अशी चप्पल का घ्यावीशी वाटली? त्याचं उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत फॅशनच्या जगात रुजलेल्या एका आवडीत आहे. कमीत कमी शिवण, कमीत कमी सजावट, हाताची खूण दिसू देणारं काम, आणि वापरून झिजलं तरी कमी न होणारी, उलट वाढणारी शोभा. 'मिनिमलिझम' म्हणा किंवा साधेपणा म्हणा. आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर आणि अंथरुणाच्या घडीत हे कायमच होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याला फॅशन म्हणत नव्हते, गरज म्हणत होते. हा फरक वाटतो तितका छोटा नाही.

ठिगळ पॅरिसला कसं पोचलं

या आवडीचा उगम बहुतेक जण जपानमध्ये शोधतात. तिथे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाच्या चहा-गुरूने, श्रीमंतांच्या झगझगीत चिनी भांड्यांऐवजी खडबडीत, हाताने घडवलेल्या, थोड्या वाकड्या भांड्यांतून चहा द्यायची पद्धत रूढ केली. वस्तू जुनी होते, तिला तडा जातो, रंग उतरतो, आणि त्यातच तिचं सौंदर्य असतं, या दृष्टीला तिथे 'वाबी-साबी' म्हणतात. फुटलेली वाटी लाखेने सांधून वर सोन्याची रेघ ओढायची, ही कलाही त्याच देशातली.

पण तिथलीच दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी भागात थंडी एवढी, की कापूस पिकत नाही. गरीब शेतकरी अंबाडीसारख्या धाग्याचे कपडे घालत, आणि सुती कापडाची चिंधी मिळाली की ती जपून फाटल्या जागी लावत. ठिगळावर ठिगळ, त्यावर पुन्हा धावदोरा. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या कपड्यांना 'बोरो' म्हणतात, म्हणजे सरळ अर्थ 'चिंध्या'. बरे दिवस आल्यावर लोकांनी लाजेने ते फेकून दिले. आज उरलेले तुकडे संग्रहालयात काचेमागे आहेत.

१९८१ मध्ये रेई कावाकुबो आणि योजी यामामोटो या दोन जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये आपले कपडे दाखवले. काळे, ढगळ, कडा न दुमडलेले. पुढच्याच वर्षी कावाकुबोबाईंनी विणायच्या यंत्राचे स्क्रू सैल करून भोकाभोकांचा स्वेटर आणला. युरोपातल्या पत्रकारांनी सुरुवातीला फार कुत्सित लिहिलं, काहींनी तर या कपड्यांना हिरोशिमाचं नाव चिकटवलं. दहा वर्षांत चित्र पालटलं. १९८९ मध्ये बेल्जियमच्या मार्टिन मार्जिएला यांनी पॅरिसच्या कडेला, गरीब वस्तीतल्या एका मैदानावर आपला शो केला. जुने कपडे उसवून नवे केलेले, अस्तर बाहेर, शिवणी उघड्या. तिथून पुढे फाटकं, उसवलेलं आणि विटलेलं हे सगळं मोठ्या दुकानांच्या काचेत आलं.

इथे एक गल्लत होते. झीज दोन प्रकारची असते, वापरून आलेली आणि कारखान्यात आणलेली. दुसऱ्या प्रकाराचं टोक बघायचं तर २०२२ साली 'बालेन्सियागा' कंपनीने फाटके, मळके, सोलवटलेले बूट विक्रीला काढले. शंभर जोड, किंमत १८५० डॉलर. पायात घालायच्या आधीच ते बूट जणू दहा वर्षं वापरलेले. हसून सोडून द्यावं अशी ही गोष्ट वाटते, पण जीन्सची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गुडघ्यावर फिकट झालेली जीन्स तयार करायला कापडावर जोराने वाळू मारतात. त्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसात सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तुर्कस्तानात इतकी तरुण मुलं त्याने दगावली, की २००९ मध्ये तिथल्या सरकारला या पद्धतीवर बंदी घालावी लागली. आपल्या राज्यात बळ्ळारी हे जीन्सचं मोठं केंद्र आहे. तिथेही कापड 'जुनं' करायच्या धुलाई कारखान्यांचं पाणी कुठे जातं, यावरून वाद झालेले आहेत. ग्राहकाने स्वतः दोन वर्षं घालून जी झीज फुकट मिळवली असती, ती आधीच हवी म्हणून दुसऱ्याच्या छातीत धूळ जाते. असल्या झिजेला साधेपणा म्हणायला आमची तरी जीभ वळत नाही.

पायताण का शोभतं

आता चपलेकडे या. खरी कोल्हापुरी, मग ती कोल्हापुरात बनलेली असो, कापशीत, निपाणीत नाहीतर अथणीच्या बाजूला, तिच्यात तिसरी वस्तूच नसते. चामडं आणि चामड्याचीच वादी, संपलं. जुन्या पद्धतीत खिळा नाही. तळाचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्या बारीक वादीने शिवतात. वर पट्टा, अंगठा, बाजूला कान. सजावट म्हणजे त्याच चामड्याची वेणी आणि फार तर एखादा गोंडा. रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं. पुरुष तळ आणि कापणी करतात, वेणी घालणं आणि बारीक काम बहुतेक घरांत बायकांच्या हातचं. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशी प्रकारांची नावं आहेत, आणि जाणकार माणूस लांबून चालत येणाऱ्याच्या पायाकडे बघून प्रकार सांगतो.

पण खरी गोम घडणीत नसून कातडं कमावण्यात आहे. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. ते काम एक-दोन दिवसांत उरकतं, चामडं मऊ येतं, रंग एकसारखा बसतो. कोल्हापुरीचं चामडं मात्र बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहतं, पुन्हा भरत राहायचं. सगळे टप्पे धरले तर काही आठवडे जातात. असं चामडं टणक येतं, रंग कुठे गडद तर कुठे फिकट. जनावराला काटा ओरखडलेला असेल तर तो वणही दिसतो.

झीज शोभते ती या चामड्यामुळे. सालीने कमावलेलं चामडं ऊन, तेल आणि घाम पितं. महिन्याभरात त्याचा पिवळसर रंग मधासारखा होतो, वर्षात तांबूस, पुढे काळपट. तळव्यावर टाचेचा आणि पाच बोटांचा ठसा उमटतो आणि चप्पल त्या पायाची होऊन बसते. म्हणून दुसऱ्याची जुनी कोल्हापुरी घातली की पाय अवघडतो. क्रोमच्या चामड्यावर असं काही फारसं होत नाही. वरचा रंग आहे तोवर नवं, रंग उडाला की जुनाट. रेग्झिनची तर गोष्टच नको, ती पापुद्रे सोडते.

तर नवी कोल्हापुरी चावते, अंगठ्याला फोड आणते, करकर वाजते, ही तक्रार खरी आहे, पण तो माल खराब असल्याचा पुरावा नाही. पहिल्या दिवशी मऊ लागणारी चप्पल बहुधा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. आपल्याकडचे जुने लोक करकर ऐकवत मुद्दाम चालायचे, तो रुबाब होता.

लुगडं, कुंची, वाकळ, पायपुसणं

चपलेइतकीच, किंबहुना जास्तच, ही दृष्टी आपल्या बायकांच्या शिवणकामात होती. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपण वाकळ म्हणतो, कन्नडमध्ये कौदी. नवं कापड आणून कुणी वाकळ शिवत नसे. इरकल लुगडं आधी नेसून जुनं व्हायचं. पदर विरला की मधलं धड कापड काढून पोरीचा परकर, बाळाचं झबलं किंवा कुंची. तेही विटलं की वाकळीचा थर. धोतराचं पान अस्तराला, वर रंगीत तुकडे, दाभणाने धावदोरा. चारी बाजूंनी आत आत जाणारी टाक्यांची चौकट. वाकळीची चिंधी झाली की पायपुसणं, त्याचंही काही उरलं तर चूल पेटवायला. नव्या बाळाला नव्या कापडावर घालायचं नाही, जुन्या मऊ वाकळीवर घालायचं, ही रीत अनुभवातून आलेली. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड जेवढं मऊ असतं, तेवढं गिरणीतून आलेलं कापड कधीच नसतं.

खानापूरच्या पलीकडे, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका शिवतात ती कवंदी याहून देखणी. हे लोक आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, बोलीत कोकणी, मराठी, कन्नड सगळं मिसळलेलं. कवंदीत तुकड्यांचं माप नाही, आखणी नाही. हाताला येईल तो तुकडा, कडेपासून सुरू करून आत आत. मात्र चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचं 'फूल' हवंच. त्याशिवाय कवंदी उघडीनागडी वाटते, असं त्या बायका मानतात. परदेशातल्या अभ्यासकांनी या कवंदींवर लिहिलं, त्यांची प्रदर्शनं झाली. जपानच्या 'बोरो'ला जे भाग्य चिंध्या फेकून दिल्यावर मिळालं, ते इथे शिवणाऱ्या बायका हयात असताना मिळतंय, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

खादीचा विषय बेळगावच्या वाचकाला वेगळा सांगायला नको. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या माळावर जे काँग्रेस अधिवेशन भरलं, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं ते एकमेव. त्या अधिवेशनाने एका विलक्षण ठरावावर शिक्कामोर्तब केलं : काँग्रेसचं सदस्य व्हायचं तर चार आणे वर्गणीऐवजी महिन्याला २००० यार्ड हातसूत द्यायचं. स्वतः काततोय तो सदस्य, किंवा दुसऱ्याकडून कातून घेऊन द्यायचं. नियम वर्षभरातच सैल झाला, पण त्यामागचा विचार बघा. चरख्यावरचं सूत कुठे जाड, कुठे बारीक येतंच, आणि त्या उंचसखल सुताचं कापड अंगावर घालणं हे लाजेचं नसून मानाचं ठरवलं गेलं. अधिवेशनाचे यजमान गंगाधरराव देशपांडे यांनी पुढे खादीच्या कामाला वाहून घेतलं. बेळगावजवळच्या हुदलीत १९३७ साली गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं, तेव्हा गांधीजी तिथे मुक्कामाला होते. हुदलीत खादीचं काम आजही चालतं. तिकडे हुबळीच्या बेंगेरीत खादीचे राष्ट्रध्वज बनवतात. एरवी सुताच्या गाठी कौतुकाने बघायच्या, पण ध्वजाच्या कापडात धाग्यांची मोजणीसुद्धा प्रमाणानुसार लागते, चूक चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली, त्याचा फटका बसल्याचं तिथले लोक तेव्हापासून सांगत आलेत.

ज्याच्या अंगावर ठिगळ होतं, त्याला विचारा

इथवर वाचून कुणाला वाटेल, की वा, आपण तर आधीपासूनच फॅशनमध्ये होतो. एवढं सोपं नाही ते. चड्डीला मागे दोन गोल ठिगळं लावून शाळेत बसलेल्या पोराला ठिगळाचं सौंदर्य कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातली बाकीची पोरं काय म्हणायची ते त्याला आठवतं. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेल्या आईने रात्री चिमणीच्या उजेडात जे ठिगळ लावलं, ते ओळखू येऊ नये म्हणून ती धडपडायची. आजचा डिझायनर तेच ठिगळ वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मुद्दाम उठावदार करतो. पहिलीकडे पर्याय नव्हता, दुसऱ्याकडे आहे. म्हणून आपल्या पिढीला पहिला पगार झाल्यावर नवं कोरं, इस्त्रीचं, चकचकीत हवंसं वाटलं, तर त्यात हलकेपणा नाही.

चपलेच्या बाबतीत तर प्रकरण जातीपर्यंत जातं. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चपला करणारा चर्मकार समाज, दोघांची घरं गावाबाहेर. बलुतेदारीत चपलेची दुरुस्ती ठरलेल्या धान्यातच धरलेली असे. वादी तुटली, तळ झिजला, मोट फाटली, दे टाकून, तो शिवून देईल. म्हणजे 'वस्तू टिकवून वापरायची' जी रीत आपण आज कौतुकाने सांगतो, ती ज्यांच्या कमी मोलाच्या कामावर उभी होती त्यांना त्या पायताणांनिशी वाड्याच्या दारासमोरून चालायचीही मुभा नसे. बलुतेदारी गेली ते योग्यच झालं. पण तिच्याबरोबर दुरुस्तीही गेली, कारण दुरुस्तीचे रास्त पैसे द्यायची सवय आपण कधी लावूनच घेतली नाही. तळ बदलायचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात बाजारात नवी रबरी मिळते. आणि कारागीर ते ऐकून घेतो.

आज या धंद्यापुढे जे प्रश्न आहेत ते असे गुंतलेले आहेत. चामड्याचं बघा. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ च्या सुरुवातीपासून गोवंश हत्याबंदीचे कडक कायदे आले. कायद्याच्या बाजूने-विरोधात काय बोलायचं ते लोक बोलतात. कारागिराच्या पातळीवर मात्र कातड्याची आवक घटली, वाहतुकीला लोक घाबरू लागले आणि दर चढले. मग स्वस्तात हवी म्हणून तळात पुठ्ठा, वर रेग्झिन, शिवणीऐवजी डिंक-सोल्यूशन असला माल 'कोल्हापुरी' नावाने बाजारात येतो. खऱ्या-खोट्याची किंमत शेजारी शेजारी मांडली की खरी महाग वाटते. पोरं म्हणतात, आम्ही गोकुळ शिरगावला किंवा उद्यमबागला कारखान्यात जातो. त्यांना दोष कोण देईल?

यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, २०१९ मध्ये मिळालं. त्यात आठ जिल्हे आहेत. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. महाराष्ट्राचं 'लिडकॉम' आणि कर्नाटकचं 'लिडकर' या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांनी मिळून हा अर्ज केला होता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण चपलेच्या कागदावर दोन्ही सरकारांच्या सह्या शेजारी शेजारी आहेत, हे जाता जाता नोंदवायला हरकत नसावी. मात्र जीआय काय करतं आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. ते नावाचं रक्षण करतं. आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. पण आकार, वेणी, कान यांवर त्याचा हक्क चालत नाही. मिलानच्या कंपनीने नाव वापरलंच नव्हतं, तिथेच कायद्याची अडचण होती.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकरशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि जगभरातल्या आपल्या दुकानांत विकायचे, अशी तेव्हाची योजना. जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. करार झाला हे चांगलंच. पण एक हिशेब वाचकांनी मनात ठेवावा. आठ जिल्ह्यांत पसरलेल्या हजारो घरांना दोन हजार जोड म्हणजे किती दिवसांचं काम? त्यातलं किती कोल्हापूर शहरात राहील, किती निपाणी-अथणीच्या वस्तीपर्यंत येईल, हेही अजून बघायचंय. अथणीत १९९०च्या दशकाच्या अखेरीस महिला कारागिरांचे गट करून 'टोहोल्ड' नावाने चपला परदेशी पाठवायचं काम सुरू झालं होतं. वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात पैसे यावेत, असा त्यामागचा विचार होता. त्या वाटेने काय साधलं, कुठे अडलं, हे नव्या करारवाल्यांनी तिथे जाऊन विचारलं तर त्यांचेच कष्ट वाचतील.

आमच्या मते या धंद्याला मिलानइतकीच गरज इथल्या गिऱ्हाइकाची आहे. वर्षाला एक जोड घेणारा आणि दोनदा दुरुस्तीला आणणारा माणूस कारागिराचं घर जेवढं चालवतो, तेवढं एखादी मोठी ऑर्डर चालवेलच असं नाही. ऑर्डर येते आणि जाते.

घेताना आणि वापरताना

चप्पल घेताना आधी बाजूने तळ बघा. थर वेगवेगळे दिसले पाहिजेत आणि चामड्याच्या वादीचे टाके दिसले पाहिजेत. खिळ्यांची डोकी किंवा सोल्यूशनचे ओघळ दिसले तर पुढचं विचारूच नका. दोन्ही पायांचा रंग अगदी तंतोतंत एक असेल तर तो वरून मारलेला असण्याची शक्यता जास्त. तळव्यावर पाण्याचा बारीक थेंब टाकून बघा, दुकानदाराला विचारून. सालीने कमावलेलं चामडं तो हळूहळू पितं आणि तेवढी जागा गडद होते. रेग्झिनवरून थेंब घरंगळतो. किंचित घट्टच जोड घ्या, कारण चामडं सैल होतं, रबरासारखं पुन्हा आवळत नाही.

घरी आणल्यावर पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून-बाहेरून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवावं. पहिले आठ दिवस रोज तासभर घरातल्या घरात घालून फिरायचं, लगेच बाजाराला जायचं नाही. फोड आला तर दोन दिवस थांबायचं. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेलाचा हात. खालून पातळ रबर लावून घ्यावं की नाही यावर दुकानादुकानांत वाद आहेत. जुने लोक नाक मुरडतात. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्याने लावून घ्यावं असं आम्हाला वाटतं, फक्त ते शिवून घ्यावं, चिकटवून नको. म्हणजे झिजल्यावर उसवून बदलता येतं. टाच एका बाजूला कलली की लगेच कारागिराकडे न्या. वरच्या थरापर्यंत झीज गेली तर सगळा तळ काढावा लागतो आणि खर्च वाढतो.

जून ते सप्टेंबर मात्र या चपलांना सुट्टी. आपल्याकडचा पाऊस त्यांना मानवत नाही. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी येते. सुती कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उंचावर ठेवा. वाटेत भिजल्याच तर पाणी टिपून, आत कागद कोंबून सावलीत वाऱ्याला ठेवायच्या, आणि पुरत्या वाळायच्या आधी, थोड्या ओलसर असतानाच तेल लावायचं. घाईने उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेली चप्पल पापडासारखी वळते, आणि मग ती कुठलाच कारागीर सरळ करून देऊ शकत नाही.